घाण्याला जात होती, जात्याला तीही नव्हती

मावळातील सुदुंबरे हे गाव आज अनेकांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तळामुळे ठाऊक असते. वारकऱ्यांना ते फार आधीपासून ठाऊक आहे, संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे. संताजी मूळचे चाकणचे, व्यवसायाने तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग ज्या मोजक्या हातांनी कागदावर उतरवले, त्यांत कडूसच्या गंगाराम मवाळांचा हात होता आणि या तेल्याचा होता. विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी तुकोबांचा गाथा छापला, तो संताजींच्या वहीचा आधार घेऊन.

एकाच माणसाच्या हाती दोन कामे होती: घाणा आणि वही. घाण्याला गावगाड्यात जागा होती. ती फार मानाची नव्हती. बहुतेक याद्यांत तेली बलुतेदारांत नसून अलुतेदारांत सापडतो, आणि प्रवासाला निघताना तेली समोर येणे अशुभ, अशी समजूतही होती. तरी जागा होती, नाव होते, हक्क होता. वहीला तर इतिहासातच जागा मिळाली.

पण सतराव्या शतकातील कोणत्याही मावळी घरात आणखी एक यंत्र असे, आणि त्याचा उल्लेख ना बलुत्यांच्या यादीत आहे, ना गावच्या महजरांत कोणी त्याची साक्ष काढतो. ते म्हणजे जाते. घाणा बैल ओढी. जाते बाई ओढी. घाण्यातून निघालेल्या तेलाला भाव होता, उरलेल्या पेंडीलाही भाव होता. जात्यातून निघालेल्या पिठाला मात्र 'स्वयंपाक' एवढेच नाव होते.

कामाची प्रतिष्ठा त्या कामाच्या अवघडपणावर ठरते, असे मानण्याची आपली सवय आहे. कौशल्य जास्त तर मान जास्त, कष्ट जास्त तर मोबदला जास्त. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास हे गणित कुठेही सिद्ध करत नाही. तो उलटच सांगतो: काम तेच राहते, करणारा हात बाईचा की पुरुषाचा यावर त्याचे नाव ठरते, आणि नावावर दर ठरतो.

आधी भाषेची साक्ष घ्यावी. कुंभारीण, सुतारीण, लोहारीण, तेलीण, पाटलीण. मराठीतील या शब्दांचा रूढ अर्थ 'तो व्यवसाय करणारी स्त्री' असा नाही. 'तो व्यवसाय करणाऱ्याची बायको' असा आहे. कुंभाराच्या घरात माती आणणे, चाळणे, मळणे, भांडी सुकवणे, भट्टी रचण्यास हातभार लावणे ही सारी कामे बायकांची. चाक फिरवण्याचे काम तेवढे परंपरेने पुरुषाचे. बलुते मिळे ते चाकाला. माती मळणारे हात त्या बलुत्यातच धरलेले असत, म्हणजे मोजलेले नसत. इतिहासाच्या अभ्यासकाने 'बारा बलुतेदार' हे शब्द वाचताना त्यामागे किमान चोवीस जणांचे श्रम आहेत हे ध्यानात ठेवले नाही, तर तो अर्धाच गावगाडा पाहतो.

घाण्याला निदान जात तरी होती. जात्याला तीही नव्हती. ब्राह्मणाच्या घरी, मराठ्याच्या घरी, महाराच्या घरी, सर्वत्र पहाटे दळण असे आणि ते घरातल्या बाईने करायचे असे. येथे एक तपशील नजरेआड करण्याजोगा नाही. जात्याची तळी आणि वरची पाळ वापरून गुळगुळीत झाली की त्यांना छिन्नीने टाके घालावे लागत. त्याला टाकी लावणे म्हणत. हे काम करणारे टकारी गावोगाव फिरत आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेत. म्हणजे जात्याला टाके घालणे हा व्यवसाय होता, त्यावरून एका समाजाला नावच पडले. आणि ते जाते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ओढणे हा व्यवसाय नव्हता. दगड दुरुस्त करणाऱ्याची गणना झाली, दगड फिरवणारीची झाली नाही.

दळण फुकटच होत असे, असेही नाही. मोबदला घेऊन दळणाऱ्या बायका होत्या. निराधार विधवा, टाकलेल्या बायका चार घरचे दळण आणून देत आणि त्यावर मुले वाढवीत. मराठी चरित्रवाङ्मयात 'आईने दळणकांडण करून मुलाला शिकवले' हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याचा अर्थ वाचकाला शब्दकोशाविना कळतो: घर धुळीला मिळाले होते. दळणकांडण म्हणजे दारिद्र्याची शेवटची पायरी.

आता याच कामाचा पुढचा अध्याय पाहावा. विसाव्या शतकात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी गावात आली. पुढे वीज आली तशी ती विजेवर चालू लागली. डोंगराकडेच्या मावळी वाड्यांत ती उशिरा पोचली. गिरणी आली आणि 'गिरणीवाला' हा नवा मनुष्य गावात उभा राहिला. धान्य तेच, पीठ तेच, जात्यासारखेच दोन दगडही तेच. मात्र आता दळणाला दर होता, दराची पाटी होती, दळणाचे डबे रांगेत लागत होते. बाई डोक्यावर डबा घेऊन येई, थांबे, पैसे मोजी आणि पिठाचा डबा घेऊन परत जाई. गिरणीवाला हा गावातला बऱ्यापैकी माणूस. 'बापाने गिरणी चालवून मुलाला शिकवले' या वाक्यात दारिद्र्याचा मागमूसही लागत नाही. दोन वाक्ये शेजारी ठेवली की पुरेसे आहे.

येथे एक गोष्ट स्वच्छ मान्य केली पाहिजे. गिरणीने बायकांच्या खांद्यांची आणि पाठीची सुटका केली. जाते परत यावे असे, ज्यांनी ते ओढले त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. तसे म्हणणारे बहुधा ते न ओढलेले असतात. तक्रार यंत्राविषयी नाही.

पण यंत्राचाच आधार घेऊन एक आक्षेप हमखास येतो. किंमत वाढली ती यंत्रामुळे, भांडवलामुळे. त्यात बाई-पुरुषाचा प्रश्न कुठून आला? यंत्राने तासाभरात पोतेभर दळले तर त्याला दर मिळणारच.

हा आक्षेप तपासायचा तर यंत्र नसताना पुरुषाने जाते ओढले तेव्हा काय झाले, ते पाहावे लागेल. असे उदाहरण आहे आणि ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ते तुरुंगातले आहे. ब्रिटिश अमदानीतील तुरुंगांत धान्य दळणे आणि घाण्यावर तेल काढणे या दोन कामांची गणना सक्तमजुरीत होत असे. 'चक्की पिसायला गेला' म्हणजे तुरुंगात गेला, हा वाक्प्रचार त्यातूनच आला. अंदमानच्या कोठडीत सावरकरांना कोलूला जुंपले, ही हकीकत इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. 'माझी जन्मठेप' वाचून अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. बैलाच्या जागी माणूस बांधणे हा अत्याचारच होता.

प्रश्न एवढाच आहे की कायद्याने ज्याला 'कठोर शिक्षा' म्हटले, तेच दळण त्याच वर्षी, त्याच पहाटे, तुरुंगाच्या भिंतीबाहेरच्या लाखो घरांत कोणत्या नावाने चालू होते? घरकाम. पुरुषाच्या हाती दिले तेव्हा सरकारला त्या कामाची कठोरता अचूक कळली. ती कळायला कोणतेही यंत्र लागले नाही. कोणी म्हणेल, शिक्षा सक्तीची असते, घरकाम स्वेच्छेचे. नव्या सुनेला पहाटे जात्यावर न बसण्याचा पर्याय कोणत्या घरात होता, हे असे म्हणणाऱ्याने सांगावे. कोणी म्हणेल, तुरुंगात रोजचे माप ठरलेले असे. होय, आणि घरात ते ठरलेले नसे. पाहुणे आले की वाढत असे.

वारकरी परंपरेने मात्र हे फार पूर्वी पाहिले होते, असे दिसते. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे जनीचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. या कथेकडे दोन अंगांनी पाहता येते. एक असे, की देवाने हलके काम पत्करून आपली भक्तवत्सलता दाखवली. बहुतेक कीर्तनांत हाच अर्थ रंगतो, आणि त्या अर्थाने काम हलकेच राहते. मोठा होतो तो देव. दुसरे अंग असे, की दासीच्या कामात देवाला कमीपणा वाटण्याजोगे काही दिसलेच नाही. देव एक रात्र दळला, त्याची कथा झाली. जनी जन्मभर दळली, ती कथेची पार्श्वभूमी झाली. कथा सांगणाऱ्यांनी पहिले अंग निवडले यात विठ्ठलाचा दोष नाही.

देवाच्या बाबतीत जे घडले, तेच पुढे एका महात्म्याच्या बाबतीत घडले. सूतकताई हे काम बहुतांश बायकांचे. गिरण्यांच्या सुताने ते मारले आणि चरखे माळ्यावर गेले. गांधींना चरखा हवा होता तेव्हा तो शोधून दिला गंगाबेन मजुमदार या बाईंनी, बडोदे संस्थानातील विजापुरात, आणि गांधींनी आत्मकथेत ते कृतज्ञतेने नोंदवले आहे. पुढे पुरुष चरख्यावर बसले. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधी अध्यक्ष होते. सभासदत्वासाठी महिन्याला २,००० यार्ड सूत देण्याची अट तेथे मान्य झाली. वकील, संपादक, जमीनदार टकळी फिरवू लागले. माळ्यावरचे लाकूड राष्ट्राचे चिन्ह झाले. सूत कातणे हा यज्ञ झाला.

आणि ज्या बायका पोटासाठी कातत होत्या, त्यांचे काय? खादीच्या कामात सर्वांत कमी मजुरी कातणारीला मिळे. ही विसंगती ज्याला बोचली तो मनुष्यही गांधीच होता. १९३५ साली त्यांनी चरखा संघाकडे कातणाऱ्यांना जगण्यापुरती किमान मजुरी देण्याचा आग्रह धरला. त्यावर खादी महाग होईल, विकली जाणार नाही, अशी तक्रार खादीवाल्यांतूनच झाली. यज्ञाला किंमत नव्हती, मजुरीला होती, आणि ती परवडत नव्हती.

मुंबईच्या कापडगिरण्यांची कहाणी याच सुताची, पण उलट्या टोकाची. १९२० च्या दशकात तेथील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या प्रामुख्याने रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत असत; चांगल्या मजुरीचे विणकाम खाते पुरुषांचे. रात्रपाळीवरील बंदी, बाळंतपणाच्या रजेचा १९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा, नवी यंत्रे ही निमित्ते होत गेली आणि गिरणीतील नोकरी जसजशी कायम, संरक्षित, मानाची होत गेली, तसतशा त्यातून बायका बाहेर पडत गेल्या. १९८२ चा संप झाला तेव्हा गिरणी कामगार म्हटल्यावर डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहत होता. घाटावरून, मावळातून गेलेल्या कित्येक कुटुंबांत आजी गिरणीत होती हे नातवंडांना माहीतच नसते.

आता पुन्हा सुदुंबऱ्याकडे, संताजींच्या वहीकडे. कारण प्रतिष्ठा केवळ मजुरीने ठरत नाही. कोणाचे शब्द लिहून ठेवले जातात, यानेही ठरते. तुकोबांचे अभंग टिकले त्यात वारकऱ्यांच्या कंठाचा वाटा आहे तसा या वहीचाही आहे. त्याच पंचक्रोशीत, त्याच पहाटे, जात्यावर बायका ओव्या रचीत होत्या. त्यांना संताजी मिळाला नाही. परिणाम असा की अभंग हे 'साहित्य' झाले, त्याला कवी मिळाला. ओवी 'लोकगीत' झाली, तिला कर्ती उरली नाही. 'लोक' हा शब्द फार सोयीचा आहे. ज्यांची नावे विचारली नाहीत, त्या सर्वांना तो पुरतो.

संताजी मिळाला की काय होते, याचेही उदाहरण आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम, शेतकाम करताना त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी आणि एका नातलगाने ती गाणी टिपली होती. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर ती आचार्य अत्र्यांना दाखवली गेली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. महाराष्ट्र थक्क झाला. थक्क होण्यासारखीच ती गाणी आहेत. पण त्या हयातभर हेच गात होत्या, आणि शेजारपाजारच्या दृष्टीने ते 'बायकांचे गाणे' होते. त्या गाण्यांत मध्यंतरी एका शब्दाचीही भर पडलेली नव्हती; लिहिणारा, दाखवणारा आणि छापणारा, असे तीन पुरुष हात मात्र त्यांना लागले होते. असे हात ज्यांना लागले नाहीत, अशा बहिणाबाई मराठी मुलखात किती होऊन गेल्या असतील याचा हिशेब आता कोणीही मांडू शकत नाही.

चित्रकलेत हीच गोष्ट अधिक उघडपणे घडली. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो लिहिण्याचा मान सवासिणींचा. चौकात पालघट देवी असते. चौक नसेल तर लग्न लागत नाही. लग्न आटोपले की भिंतीवरचे चित्र हळूहळू पुसट होई, आणि लिहिणारीचे नाव कोणी विचारीत नसे. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, शहरांत गेली, परदेशी गेली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे हे लग्नविधीवाचूनही, रोज, आपल्या आनंदासाठी चित्रे काढत. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही, आणि २०११ साली त्यांना मिळालेला पद्मश्री सन्मान उचितच होता. त्यांच्यामागून अनेक तरुण पुरुषांनी कुंचला हाती घेतला. आता 'वारली चित्रकार' म्हटले की सहसा पुरुषाचे नाव पुढे येते. बाईने भिंतीवर काढले तो विधी, पुरुषाने कागदावर काढली ती कला. रांगोळीचेही तेच: दारापुढे रोज काढणारी ती नुसती गृहिणी, सभागृहात प्रदर्शन मांडणारा तो रंगावलीकार. आणि रोजचा स्वयंपाक करणारी कोणी नसते, लग्नाचा करणारा आचारी असतो.

उलट दिशेचा प्रवासही आहे, आणि येथे घाई करू नये. 'शिक्षकी पेशात बायका आल्या आणि त्याची किंमत गेली' हे विधान सर्रास केले जाते. महाराष्ट्रापुरते ते फारसे टिकत नाही. सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात शिकवू लागल्या, त्याच्या आधीचा पंतोजी हा काही गावचा श्रीमंत किंवा मानकरी नव्हता. धान्य, शिधा, सणावारी मिळणारा पैसा यांवर तो कसाबसा जगे. ज्या पेशाची किंमत मुळातच कमी होती, ती बायकांमुळे घसरली असे म्हणणे हा बायकांवर ठेवलेला आणखी एक आळ आहे.

तरीही हे परिणाम मोजता येतात. असफ लेव्हनॉन, पॉला इंग्लंड आणि पॉल ॲलिसन या तिघा समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील १९५० ते २००० या काळातील जनगणनांची आकडेवारी तपासून २००९ साली निष्कर्ष मांडला: व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण वाढले की पुढे त्याचे वेतन घटते, आणि शिक्षण, कौशल्य वगैरे बाबी हिशेबात धरूनही हा परिणाम उरतो. संगणकाच्या क्षेत्रात याच्या उलट घडले. १९४६ साली अमेरिकेत 'एनिॲक' हा संगणक जगापुढे आला तेव्हा त्याची कार्यक्रमरचना करणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. ते काम त्या वेळी कारकुनी स्वरूपाचे समजले जाई. काम पुरुषांचे झाले आणि कारकुनीचे अभियांत्रिकी झाले. आज हिंजवडीत त्या कामासाठी रोज सकाळी गाड्यांची रांग लागते.

महाराष्ट्रात या सगळ्याचे जिवंत स्मारक पाहायचे असेल तर गावच्या अंगणवाडीत जावे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. लहान मुलांना आहार, शिक्षण, वजनाच्या नोंदी, गरोदर बायकांची नोंद, लसीकरणास साहाय्य, वर सरकारी सर्वेक्षणे: एवढे सगळे करणारीला सरकारने नाव दिले 'सेविका'. तिला वेतन नाही, 'मानधन' आहे. मान आणि धन हे दोन्ही शब्द एकत्र करून दोन्ही कमी देण्याची ही युक्ती. ग्रॅच्युइटीचा प्रश्न निघाला तेव्हा गुजरात सरकारच्या बाजूने न्यायालयात हाच मुद्दा होता, की हे पैसे मानधन आहेत, वेतन नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. योजना सुरू होऊन तोवर ४७ वर्षे होत आली होती. ग्रामपंचायतीचा शिपाई सेवक म्हणून ओळखला जात नाही, याकडेही लक्ष द्यावे. तो कर्मचारी असतो.

काम घरातले असते तोवर त्याला भाव नसतो, ते बाजारात गेले की येतो. यात स्त्री-पुरुष कुठे, असा आक्षेप अजूनही शिल्लक राहतो. बाजाराची ताकद नाकारण्याचे कारण नाही. १९५९ साली गिरगावातील सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा 'लिज्जत' झाला. पापड लाटणे हे घरोघरी चालणारे 'फावल्या वेळेतले' काम. हात बदलले नाहीत, तरी व्यवसाय उभा राहिला. पण ते का घडले? कारण हिशेबाची वही बायकांच्या हाती होती आणि लाटणारी हीच मालक होती. गिरणीच्या बाबतीत जमीन नावावर कोणाच्या, कर्ज कोणाला, वीजजोडणी कोणाच्या नावाने, याची उत्तरे दिली की 'बाजारात काम गेले' म्हणजे ते कोणी नेले हे कळते. आता मात्र एक मौज घडते आहे. पाकीटबंद पीठ सर्वत्र मिळू लागले, गिरणीचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, आणि जिल्हा परिषदांच्या महिला कल्याण योजनांतून बायकांना अनुदानावर छोट्या पिठाच्या गिरण्या दिल्या जात आहेत. नफा ओसरल्यावर दळण पुन्हा बाईकडे आले, आणि या वेळी त्याला 'सक्षमीकरण' हे नाव आहे.

घाण्याचे नशीब याहून चांगले निघाले. तेलगिरण्यांनी त्याला मोडीत काढले होते. आता 'लाकडी घाणा' ही पाटी लावून निघणारे तेल शहरात चढ्या भावाने विकले जाते. 'जात्यावरचे पीठ' असेही लिहिलेली पाकिटे दिसतात. त्या जात्यांना बहुधा मोटार बसवलेली असते.

घरात राहिलेल्या कामाचा दर मात्र एकाच ठिकाणी ठरतो: अपघातानंतर, नुकसानभरपाईच्या दाव्यात. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली मृत गृहिणींच्या घरातील सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. २०२१ च्या आणखी एका निकालात याच न्यायालयाने २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला: घरकाम हेच आपले मुख्य काम असे सांगणाऱ्या स्त्रिया १५ कोटी ९८ लाखांच्या घरात, पुरुष ५८ लाखांहून किंचित कमी. जनगणनेच्या वर्गीकरणात या स्त्रियांची नोंद 'काम न करणारे' या सदराखाली होते.

जात्यावरच्या ओव्यांना त्यांचे संताजी अखेर भेटले, ते पुण्यातून. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथेच राहिलेले गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून, मुळशी-मावळच्या डोंगरी वाड्यांतील बायकांच्या साथीने, या ओव्या टिपायला सुरुवात केली. महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतात. त्यांत देहू आहे, इंद्रायणी आहे, तुकोबा आहेत, आणि तुकोबांच्या बायकोच्या बाजूने बोलणाऱ्या ओव्याही आहेत. 'लोक' या शब्दावर काम भागवलेले नाही. ओवीपुढे गाणारीचे नाव आणि तिचे गाव लिहिलेले आहे. ही नोंद सुरू झाली तोवर त्यांतल्या अनेक घरांत पीठ गिरणीतून येऊ लागले होते, आणि कित्येकींनी टिपणाऱ्यांना ओवी आठवावी म्हणून कोपऱ्यातले जाते पुन्हा मांडून घेतले.